कोंडा असेल तर आठवड्यातून एकदा केस धुणं पुरत नाही
कुणीतरी म्हटलंय की सारखं केस धुतल्याने कोंडा वाढतो, म्हणून भरपूर तेल चोपडून फक्त रविवारी न्हायचं. केस कोरडे किंवा कुरळे असतील तर एकदा ठीकच आहे, पण कोंड्याला हा नियम लावू नका प्लीज. त्यामागे मॅलासेझिया नावाची बुरशी असते, ती सगळ्यांच्याच डोक्यात असते आणि टाळूच्या तेलावर जगते, म्हणजे डोकं आठवडाभर तेलकट ठेवलं की तिला आयतं खाद्य.

माझ्या बहिणीला डॉक्टरांनी २ टक्के कीटोकोनॅझोलचा (हे बुरशीवरचं औषध) शाम्पू दिला, आठवड्यातून दोनदा, आणि मेन म्हणजे फेस टाळूवर ३ ते ५ मिनिटं ठेवूनच धुवायचा, बरेच जण लगेच धुऊन टाकतात आणि मग गुण येत नाही म्हणतात.