आईला जपानची देवळं दाखवायचीत, गाइड घेऊ का?

देवगडकर: नोव्हेंबरात नेतोय. आईचे गुडघे दुखतात, पण चालायची हौस दांडगी.

गुहागरवाली: हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटावर नक्की न्या! तिथल्या देवळाची समुद्रातली तोरी (प्रवेशाची कमान) साधारण १६ मीटर उंच, आत्ताची १८७५ची. भरतीला पाण्यात, चांगल्या ओहोटीला पायथ्यापर्यंत चालत जाता येतं. भरती-ओहोटीच्या वेळा बघूनच दिवस ठरवा. हे गाइडवर सोडू नका. क्योतोतल्या फुशिमी इनारी देवळाची कमानींची वाट डोंगरावर चढते, डोंगर २३३ मीटर, आईंना खालच्या कमानीच पुरेत. क्योतोत स्वयंसेवक गाइड मिळतात. मानधन नाही, पण त्यांचं गाडीभाडं, तिकीट, जेवण आपण द्यायचं. आधी कळवा.

मालवणी: शिंतो (जपानचा मूळ धर्म) देवळात नमस्कार करताना टाळ्या दोन, बौद्ध देवळात नाहीत. आईंना आधीच सांगा.

देवगडकर: ओहोटीचा दिवस धरतो. गुहागरवाली ताई, आभार!