पहिला सव्वा महिना: नेदरलँड्स, जर्मनी, ब्रिटनमध्ये बाळंतिणीकडे कोण बघतं?

कोरांटी
बहिणीला चौथा महिना लागलाय. तिच्या नवऱ्याची बदली ठरतेय, आइंडहोवन किंवा स्टुटगार्ट; लंडनही अजून पूर्ण बाद नाही. रजा किती आठवडे आणि पगार किती टक्के ही कोष्टकं ढिगानं मिळतात, ती नकोत. दवाखान्यातून घरी आल्यावर बाळंतिणीचं कोण बघतं, हे विचारायचंय. आईला तीन महिन्यांच्या वर राहता येणार नाही. विमा किंवा सरकार नेमकं काय देतं, अर्ज कधी करायचा आणि कुठे अडतं?

रानजाई
आइंडहोवन ठरलं तर निम्मी काळजी मिटली. नेदरलँड्समध्ये 'क्रामझोर्ख' ही सेवा मूळ आरोग्य विम्यातच येते. प्रशिक्षित बाई बाळंतपणानंतर आठ-दहा दिवस रोज घरी येते. एकूण तास कमीत कमी २४, जास्तीत जास्त ८०. सरळ बाळंतपणाला ४९च्या आसपास धरतात. तासामागे थोडी रक्कम स्वतः भरावी लागते. मात्र दरवर्षी सुरुवातीचा खर्च जो आपल्या खिशातून जातो, तो या सेवेला आणि सुईणीच्या तपासण्यांना लागत नाही. रक्ततपासणी आणि अँब्युलन्सला लागतो. बिल पाहून लोक दचकतात ते याचंच.

ती येऊन काय करते? आई आणि बाळ दोघांचा ताप बघते, गर्भाशय किती खाली उतरलंय ते हातानं तपासते, टाके बघते, बाळाचं वजन करते आणि सगळं एका वहीत लिहिते. वजन पहिल्या दिवसांत उतरतंच. जन्मवजनाच्या ७ टक्क्यांपर्यंत कोणी घाबरत नाही. १०कडे जाऊ लागलं की ती सुईणीला फोन करते आणि वरचं दूध, पंप यांचं बोलणं सुरू होतं. अंगावर पाजताना बाळाची पकड कशी हवी हे शेजारी बसून दाखवते. न्हाणीघर धुणं, कपडे मशीनला लावणं, बाळंतिणीला खायला देणं हेही तिचंच काम. सगळ्या घराचा स्वयंपाक मात्र तिच्याकडून धरू नका.

अडतं ते नोंदणीत. एजन्सीकडे नाव सोळाव्या आठवड्याच्या आत घाला. माणसं कमी आहेत, उशीर झाला तर जवळची एजन्सी नाही म्हणते किंवा कमीत कमी तासच देते. बहिणीच्या बाबतीत म्हणजे आत्ताच. तिकडे राहायला गेल्यावर चार महिन्यांच्या आत विमा घ्यावा लागतो आणि तो पहिल्या दिवसापासून लागू धरतात, त्यामुळे विमा क्रमांक हातात यायची वाट बघत बसू नका. दवाखान्यात जास्त दिवस राहावं लागलं तर तेवढे दिवस घरच्या सेवेतून कमी होतात, हेही आधीच समजून घ्या.

आणि पलंग! गादीचा वरचा भाग जमिनीपासून सुमारे ८० सेंटीमीटरवर हवा. येणाऱ्या बाईनं वाकून पाठ मोडून घ्यायची नाही, असा तिथला दंडक आहे. पलंगाच्या पायांखाली घालायचे ठोकळे वैद्यकीय साहित्याच्या दुकानातून काही आठवड्यांसाठी मिळतात. सदतिसाव्या आठवड्यापर्यंत पलंग उचललेला असावा. शोषक चादरी, पॅड, नाळेची चिमटी असलेलं खोकं बरेच विमेवाले जादा पॉलिसीत फुकट पाठवतात, पण मागावं लागतं.

जन्मनोंद तीन दिवसांत, बाळ ज्या गावात जन्मलं तिथल्या नगरपालिकेत. जन्मजात आजार तपासायला बाळाच्या टाचेतून रक्त घेतात ते जन्मानंतर ७२ ते १६८ तासांत, बहुतेक घरी येऊनच.

पाणपोई
जर्मनीचं गणित वेगळं आहे. सरकारी विम्यात सुईणीचा, म्हणजे हेबामेचा, हक्क कायद्यानं आहे: पहिले १० दिवस रोज, पुढे बाराव्या आठवड्यापर्यंत आणखी १६ वेळा. पण हक्क आहे म्हणून ती कोणी नेमून देत नाही, शोधायची आपण. मोठ्या शहरांत गरोदरपण कळताच, आठव्या-दहाव्या आठवड्यात, फोन सुरू करतात. चौथ्या महिन्यात स्टुटगार्टला पोचलात तर विमा कंपनीची यादी, शहराची सुईण-सेवा, आणि जिथे बाळंतपण होणार त्या दवाखान्याचा सूतिका विभाग, तिन्ही दारं एकाच आठवड्यात ठोठवा. भाग कोणता ते पहिल्या वाक्यात सांगा. सुईणी आपल्या टापूबाहेर येत नाहीत.

ती नाळ, टाके, वजन, दूध बघते आणि जाते. केर-भांडी तिचं काम नाही. त्यासाठी 'हाउसहाल्ट्सहिल्फे' (घरकामाची मदत) नावाचा वेगळा अर्ज आहे. बाळंतपणामुळे घर चालवता येत नाही आणि घरात राहणारं दुसरं कोणी ते करू शकत नाही, असं डॉक्टर किंवा सुईणीनं लिहून द्यावं लागतं. बाळंतपणाच्या कारणासाठी स्वतः काही भरावं लागत नाही. अर्ज फेटाळला जातो तो बहुतेक एकाच कारणावर: नवरा घरी आहे. तो कामावर जाणार असेल तर त्याच्या कंपनीचं, कामाच्या वेळांचं पत्र अर्जालाच जोडा. आई-सासू मदतीला आली तर तिला विमा मजुरी देत नाही, प्रवासखर्च देऊ शकतो.

सर्वांत मोठा खड्डा खासगी विम्याचा. आपली आयटीतली बरीच मंडळी हप्ता कमी दिसतो म्हणून तो घेतात. वरचं सगळं सरकारी विम्याचं आहे. खासगीत पॉलिसीत लिहिलं असेल तेवढंच. सही करण्याआधी सुईणीच्या भेटी, घरकाम-मदत आणि बाळंतपणानंतरच्या व्यायामाचे तास, तिन्ही शब्द पॉलिसीत शोधा. तो व्यायामवर्ग सरकारी विम्यात १० तासांचा असतो आणि बाळ नऊ महिन्यांचं व्हायच्या आत संपवावा लागतो.

कोरांटी
खूपच उपयोगी. आईचं तिकीट कधीचं काढावं? आणि जावयाच्या रजेचं काय?

रानजाई
शेंगेनमध्ये (नेदरलँड्स, जर्मनी धरून युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकच व्हिसा-गट) १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, ते पोचल्या दिवसापासून मोजतात. नेदरलँड्समध्ये पहिले आठ-दहा दिवस बाई येणारच आहे, म्हणून आईनं दहाव्या दिवसाच्या आसपास उतरावं. तारीख पुढे गेली तर वाट बघण्यातच तिचे दिवस जातात. जर्मनीत मात्र तिनं आधी आलेलं बरं. तिकीट तारीख बदलता येईल असंच काढा.

नवऱ्याला नेदरलँड्समध्ये आठवड्याच्या कामाच्या तासांइतकी भरपगारी रजा असते, जन्मानंतर चार आठवड्यांत घ्यायची. ती घेतली तरच पुढचे पाच आठवडे ७० टक्क्यांवर मिळतात, सहा महिन्यांच्या आत.

पाणपोई
जर्मनीत वडिलांना जन्माची अशी वेगळी रजा नाही, पालकरजेतूनच घ्यायची. मालकाला सात आठवडे आधी कळवावं लागतं. या रजेत सरकार पालकभत्ता देतं; दोघांनी एकाच वेळी तो पूर्ण घ्यायचा तर आता पहिल्या बारा महिन्यांत एकच महिना तसं करता येतं. भत्त्याचा अर्ज रेंगाळला तर मागचे तीनच महिने मिळतात, त्याआधीचे बुडाले.

तिसरी घंटा
लंडनबद्दल थोडक्यात, कारण सांगण्यासारखं कमीच आहे. सरळ बाळंतपण असेल तर दुसऱ्या दिवशी घरी, कधी त्याच दिवशी. सुईण साधारण दुसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या दिवशी बघते, त्यातलं एखादं भेटणं दवाखान्यात जाऊन. १० ते १४ दिवसांत हेल्थ व्हिजिटर (लहान बाळांची काळजी बघणारी परिचारिका) घरी येते, सहा ते आठ आठवड्यांनी डॉक्टरकडे आईची तपासणी. घरकामाला कोणी नाही. म्हणजे ५२ आठवड्यांची रजा देणारा देश पहिल्या पंधरा दिवसांत हात आखडता घेतो. भेटीच्या व्हिसावर आई सहा महिने राहू शकते, हीच काय ती जमेची बाजू. नातवंड थोडे दिवस सांभाळणं चालतं, आया म्हणून राहायला येणं नाही.

उंबरठा
आईच्या बॅगेबद्दल. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा खुशाल. शेगडी-धुरी मात्र विसरा: नेदरलँड्समध्ये प्रत्येक मजल्यावर धूर ओळखणारा भोंगा सक्तीचा आहे, आणि धूर बाळाच्या छातीलाही वाईटच. ऊब लागली तर क्रामझोर्खवाली धातूची गरम पाण्याची बाटली ठेवायला सांगते, बुचाची बाजू खाली आणि बाळाला न चिकटवता. बाळाला उताणंच झोपवा, उशी-दुपटी पाळण्यात नकोत. मध वर्षाच्या आत कुठल्याच रूपात नाही, गुटीतूनही नाही. काजळ घालू नका. तेल लावून पायांवर अंघोळ घालायची असेल तर आणि क्रामझोर्खवाली येत असतानाच आई पोचली असेल, तर पहिली अंघोळ तिच्यासमोरच घालावी. नाळ अजून पडली नसेल तर तिथे कसं कोरडं ठेवायचं ते ती दाखवेल.