अमेरिकेची सर्वात मोठी उलथापालथ एसीने केली : चर्चा

दक्षिणायन

दुसऱ्या महायुद्धानंतर यंत्रांनी अमेरिका कशी बदलली असं विचारलं, की लोक टीव्ही, मोटार, चांद्रयान आणि संगणक ही चार नावं न अडखळता घेतात. माझं म्हणणं, खिडकीत बसवलेल्या त्या घरघरणाऱ्या खोक्याने यांच्यापेक्षा जास्त उलथापालथ केली. भांडायची तयारी ठेवूनच लिहितोय.

विलिस कॅरिअरने १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हे तंत्र उभं केलं, तेव्हा माणसांचा विचारही नव्हता. दमट हवेत कागद फुगायचा आणि एकावर एक छापायचे रंग जुळेनात, एवढीच अडचण. १९२० च्या दशकात सिनेमागृहं गार झाली. घरात मात्र एसी म्हणजे श्रीमंतांची चैन. परवडणारे विंडो एसी आले ते १९५० च्या दशकात. १९६० च्या जनगणनेत देशातल्या जेमतेम १२ टक्के घरांत एसी होता. १९८० पर्यंत दक्षिणेतल्या चार घरांपैकी जवळजवळ तीन घरांत.

आता लोकसंख्या बघा. फ्लोरिडा १९५० मध्ये सुमारे २८ लाख, २००० मध्ये १ कोटी ६० लाख. फिनिक्स शहर १ लाख ७ हजारांवरून १३ लाखांवर. माणसं हलली की मतं हलतात. अध्यक्ष निवडणाऱ्या इलेक्टोरल मतांत १९५२ साली न्यूयॉर्कची ४५ होती आणि फ्लोरिडाची १०. २०२४ ला न्यूयॉर्क २८, फ्लोरिडा ३०. १९६४ पासून २००४ पर्यंत निवडून आलेला प्रत्येक अध्यक्ष टेक्सास, कॅलिफोर्निया, जॉर्जिया किंवा आर्कान्सॉचा. हा योगायोग म्हणायचा?

घरंही बदलली. जुन्या दक्षिणी घराला उंच छत, समोरासमोर खिडक्या, पुढे ऐसपैस पोर्च. संध्याकाळी सगळा मोहल्ला पोर्चवर. एसी आला, छत खाली आलं, खिडक्या बंद झाल्या, माणसं आत गेली.

खारे_दाणे

फिनिक्स, बाहेर ११३ फॅरनहाइट (४५ सेल्सियस). धागाकर्त्यांशी पूर्ण सहमत. विरोधकांनी इथे येऊन जुलैत एक दुपार बिनाएसी काढावी, मग प्रतिसाद लिहावा.

आकडेमोड

दोन गोष्टी एकाच वेळी वाढल्या म्हणजे एकीने दुसरीला वाढवलं, हे दहावीतही चालत नाही.

न्यूयॉर्कची मतं गेली कुठे? सर्वात मोठा वाटा कॅलिफोर्नियाचा, ३२ वरून ५४. सॅन डिएगो, सॅन फ्रान्सिस्को किंवा लॉस एंजेलिसचा किनारा इथे एसीवाचून कुणाचं काही अडत नव्हतं. तरी १९५० ते १९७० मध्ये कॅलिफोर्निया १ कोटी ६ लाखांवरून २ कोटींच्या घरात गेलं.

दक्षिणेचं म्हणाल तर पैसा वॉशिंग्टनहून आला. अलाबामातल्या हंट्सव्हिलला क्षेपणास्त्रं, फ्लोरिडात केप कॅनाव्हेरल, १९६१ मध्ये ह्यूस्टनला अंतराळयानांचं केंद्र. १९४७ च्या टॅफ्ट-हार्टली कायद्यातल्या एका कलमाने राज्यांना मुभा मिळाली, की नोकरीसाठी युनियनचं सभासदत्व सक्तीचं ठेवू नये. दक्षिणी राज्यांनी ती उचलून धरली आणि कारखानदारांना स्वस्त, असंघटित मजूर मिळाला. हिवताप होताच, डीडीटी फवारून, पाणथळ जागा बुजवून १९५१ पर्यंत तो देशातून गेला. म्हाताऱ्यांना सोशल सिक्युरिटी या सरकारी योजनेचं पेन्शन मिळू लागलं म्हणून ते फ्लोरिडात राहायला जाऊ शकले.

आणि शेवटचं. मिसिसिपीत उकाडा फ्लोरिडाइतकाच. एसीही आले. लोकसंख्या १९५० मध्ये सुमारे २२ लाख, १९७० मध्येही सुमारे २२ लाख. एसी माणसं ओढतो, तर इथे का नाही ओढली?

मृण्मयी_क

आकडेमोड, मिसिसिपीचं उत्तर तुमच्या यादीत नाही आणि धाग्यातही नाही. तिथे एका यंत्राने माणसं हाकलली.

२ ऑक्टोबर १९४४. युद्ध अजून चालू होतं. मिसिसिपी डेल्टातल्या क्लार्क्सडेलजवळ हॉपसन नावाच्या मळ्यावर इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या लाल यंत्रांनी कापूस वेचून दाखवला. बघायला हजारो लोक जमले होते. हाताने वेचणारा माणूस तासाला वीसेक पौंड वेचायचा, यंत्र हजार. एका गाठीचा खर्च हाताने वेचला तर चाळीस डॉलरच्या आसपास, यंत्राने पाचाच्या थोडा वर. हे गणित कळायला मळेवाल्याला शाळा शिकावी लागत नाही. कापूस विदर्भातल्या वाचकांना नवा नाही; वेचणीला किती हात लागतात हे त्यांना माहीत आहे. ते सगळे हात दोन-अडीच दशकांत बिनकामाचे झाले.

आणि हात कुणाचे होते? गुलामगिरी गेल्यावरही अर्धेलीने तीच जमीन कसणाऱ्या, मळेवाल्याच्या दुकानात कायम उधारी असलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांचे. १९४० ते १९७० या तीस वर्षांत सुमारे ५० लाख कृष्णवर्णीयांनी दक्षिण सोडली. शिकागो, डेट्रॉइट, ओकलंड, लॉस एंजेलिस. सगळे यंत्रामुळेच गेले असं नाही. युद्धकाळात कारखान्यांनी आधीच बोलावलं होतं, आणि दक्षिणेतले वर्णद्वेषी कायदे व मारहाण हे कारण कुणालाही पुरेसं होतं. ब्लूज गायक मडी वॉटर्स तर क्लार्क्सडेलजवळचा मळा सोडून १९४३ लाच शिकागोला पोचला होता. पण परतीची वाट बंद केली ती यंत्राने.

दक्षिणायन, मतांचा नकाशा हवा ना? मिसिसिपीत या माणसांना मत देऊ देत नसत. शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयमध्ये ते देऊ शकत होते. १९६० मध्ये केनेडींनी इलिनॉय जिंकलं ते नऊ हजारांहूनही कमी मतांनी. नागरी हक्कांचा प्रश्न उत्तरेच्या पुढाऱ्यांना टाळता येईनासा झाला, त्यामागे हे नवे मतदार होते. तुमचा एसी नकाशा बदलायला लागला त्याच्या आधीची ही गोष्ट.

तात्या_डेट्रॉइट

मंडळी, रस्ता विसरलात. एसी घेऊन माणूस काय उडत फ्लोरिडाला जातो? १९५६ चा आयझेनहॉवरचा महामार्ग कायदा बघा. ४१ हजार मैलांचं जाळं आणि खर्चात डॉलरमागे ९० सेंट केंद्राचे. आम्ही ६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर आलेले मराठी इंजिनिअर. इथे आलो तेव्हा घर, दुकान, शाळा, ऑफिस सगळं गाडीच्या हिशेबाने बांधलेलं. पायी जाणाऱ्याकडे लोक संशयाने बघायचे. उपनगर मोटारीने घडवलं. मोटारवाल्यांचं मीठ खाल्लंय म्हणून म्हणत नाही.

मृण्मयी_क

तात्या, तो रस्ता गेला कुठून तेही सांगा. तुमच्याच डेट्रॉइटमध्ये ब्लॅक बॉटम नावाची अख्खी वस्ती साफ करून त्यावरून महामार्ग नेला. सेंट पॉलमध्ये रोंडो, मायामीत ओव्हरटाउन. तिन्ही कृष्णवर्णीयांच्या वस्त्या.

उपनगरांचंही तेच. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बटाट्याच्या शेतांत १९४७ पासून लेव्हिटटाउन उभं राहिलं, १७ हजारांवर घरं. कामाचे तुकडे पाडून, एकेका टोळीला एकच काम देऊन, कारखान्यासारखी बांधलेली. सुरुवातीच्या करारातच लिहिलेलं, की गोऱ्यांखेरीज कुणी इथे राहायचं नाही. सरकारी हमीचं कर्ज अशाच वस्त्यांना सहज मिळायचं. एकाच गावातून युद्धावर गेलेले दोन सैनिक परत आले. एकाला बिनाडिपॉझिट घर, दुसऱ्याला दार बंद. यात मोटारीचं कर्तृत्व किती आणि कर्ज देणाऱ्या बाबूचं किती?

तात्या_डेट्रॉइट

ताई, बाबू नालायक होता म्हणून मोटारीचा परिणाम शून्य होत नाही. दोन्ही खरं असू शकतं.

निळी_शाई

इतके प्रतिसाद झाले, अजून कुणी स्वयंपाकघरात शिरलं नाही. नवल नाही.

वॉशिंग मशिन, फ्रीज, व्हॅक्युम क्लीनर. जाहिराती म्हणायच्या, बाईचा वेळ वाचला. वेळ मोजणाऱ्या अभ्यासांतून उलटं दिसलं: पूर्णवेळ गृहिणीचे घरकामाचे तास १९२० च्या दशकात होते, साधारण तेवढेच १९६० च्या दशकातही. पूर्वी शहरातली मध्यमवर्गीय बाई चादरी लॉन्ड्रीत द्यायची. किराणा आणि दूध दारात यायचं, वरकामाला कुणीतरी असायचं. मशिन आल्यावर हे सगळं एकेक करून बंद झालं आणि काम परत तिच्याच गळ्यात. वर स्वच्छतेची अपेक्षा वाढली. सोमवारी निघणारा कपड्यांचा ढीग रोज निघायला लागला. तात्यांच्या उपनगरात तर तिला एक नवी नोकरी मिळाली, बिनपगारी ड्रायव्हरची.

खारे_दाणे

पण मग बायका नोकरीला बाहेर पडल्या त्या कशाने? नवरा असलेल्या बायकांपैकी १९५० मध्ये जेमतेम चौथा हिस्सा नोकरी करत होता, १९८० मध्ये निम्म्या. मशिनशिवाय जमलं असतं?

निळी_शाई

नोकरी करून घरचंही करणं मशिनने शक्य केलं, हे मान्य. बाहेर पाठवलं असं नाही. त्यासाठी कार्यालयांतल्या कारकुनी जागा वाढाव्या लागल्या आणि मुलं कधी हे ठरवता यावं लागलं. गर्भनिरोधक गोळीला १९६० मध्ये परवानगी मिळाली. कनेक्टिकटमध्ये नवरा-बायकोनेही गर्भनिरोधक वापरणं गुन्हा होता. तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये रद्द केला. मला एकच यंत्र-तंत्र निवडायला सांगितलं, तर मी ती गोळी निवडेन. विजेचं बिलही येत नाही.

रविवार_सकाळ

टीव्हीला इतक्या लवकर बाद केलंत? १९५० मध्ये ९ टक्के घरांत, १९६० मध्ये ८७ टक्के घरांत. इतक्या वेगाने एसी कुठे पसरला? १९६३ च्या मे महिन्यात अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये वर्णभेदाविरुद्ध मोर्चा काढणाऱ्या कृष्णवर्णीय पोरांवर पाण्याचे फवारे आणि कुत्रे सोडले, ते देशाने आपल्या दिवाणखान्यात बघितलं. पुढच्या वर्षी नागरी हक्क कायदा.

दक्षिणायन

सगळ्यांना एकत्र उत्तर देतो, सवडीने वाचा.

आकडेमोड, ह्यूस्टनला केंद्र आलं, पण ऑगस्टमध्ये ते हजारो अभियंते बसवायचे कुठे? पैसा पाठवणं वॉशिंग्टनच्या हातात होतं, तो तिथे टिकवणं यंत्राच्या. बेसबॉल बघायलासुद्धा ह्यूस्टनकरांनी १९६५ मध्ये छप्पर घालून एसी लावलेलं स्टेडियम बांधलं, ॲस्ट्रोडोम. पेन्शनचं म्हणाल तर फिनिक्सच्या उंबऱ्यावर सन सिटी १ जानेवारी १९६० ला उघडलं, खास निवृत्तांसाठी. पेन्शन १९४० पासून मिळत होतं, मग साठ साली वाळवंटात म्हाताऱ्यांचं गाव काढायची हिंमत कुठून आली? कॅलिफोर्नियाचा किनारा थंड, कबूल. पण त्याच राज्यातली फ्रेस्नो आणि सॅक्रामेंटो ही शहरं किनाऱ्यावर नाहीत.

मृण्मयीताई, कापसाच्या यंत्राबद्दल वाद नाही. पण तुमच्या यंत्राने माणसं उत्तरेला नेली, तो ओघ १९७० नंतर उलटला. कृष्णवर्णीय कुटुंबंही अटलांटा, ह्यूस्टनकडे परतू लागली. शेवटचा शब्द दक्षिणेचाच.

आणखी एक. उष्ण दिवसांनी होणारे मृत्यू विसाव्या शतकात सुमारे तीन चतुर्थांशांनी घटले, जवळजवळ सगळी घट १९६० नंतरची. हे मोजणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांनी श्रेय घरगुती एसीला दिलंय, डॉक्टरांना किंवा विजेच्या दिव्याला नाही. रविवार_सकाळ, टीव्हीने किती जीव वाचवले?

मृण्मयी_क

सरासरीच्या आड कोण लपलंय तेही बघा. जुलै १९९५, शिकागोची उष्णतेची लाट, ७०० हून अधिक मृत्यू. त्यात एकटे राहणारे गरीब वृद्ध फार, आणि कृष्णवर्णीयांचं प्रमाण जास्त. एसी नाही किंवा बिल परवडत नाही म्हणून बंद. चोरीच्या भीतीने खिडकी उघडायची नाही. हे शोध लागल्यावर त्र्याण्णव वर्षांनी.

परत दक्षिणेला गेलेल्यांबद्दल म्हणाल, तर १९६४ चा नागरी हक्कांचा आणि १९६५ चा मतदान हक्कांचा, या कायद्यांआधी ती कुटुंबं अटलांटाला का गेली नाहीत? एसी तर होता.

आकडेमोड

अध्यक्षांच्या यादीबद्दल: जॉन्सन टेक्सासच्या एका शेतघरात वाढले, कार्टर जॉर्जियात भुईमूग पिकवायचे. दोघंही उकाड्यातच मोठे झाले, त्यांना तिथे एसीने आणलं नव्हतं. यादीतून निदान ही दोन नावं काढा.

आता काळाचा क्रम. फ्लोरिडाची लोकसंख्या १९४० ते १९५० मध्ये ४६ टक्क्यांनी वाढली. तेव्हा घरोघरी एसी कुठे होते?

दक्षिणायन

आणि पुढच्या दशकात ७९ टक्क्यांनी. ४६ आणि ७९ मधला फरक कुठून आला ते सांगा. विंडो एसी नेमके त्याच दशकात स्वस्त झाले.

आकडेमोड

त्या दशकाच्या शेवटीही दक्षिणेत पाच घरांत जेमतेम एकात एसी होता. उरलेल्या चार घरांतली माणसं कशासाठी आली होती?