कॅनडात मालकाकडून पिळवणूक, ओपन वर्क परमिटसाठी अर्ज करायचा आहे : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझा मावसभाऊ पेडणे तालुक्यातला असून सध्या कॅनडातील ओंटारिओ प्रांतात एका उपाहारगृहात आचारी आहे. त्याचे वर्क परमिट त्या एकाच मालकापुरते आहे. करारात आठवड्याचे चाळीस तास ठरलेले असताना त्याला साठ-पासष्ट तास राबवून घेतले जाते, जादा तासांचे पैसे मिळत नाहीत आणि खोलीभाड्याच्या नावाखाली पगारातून जी रक्कम कापली जाते, तिचा करारात उल्लेखही नाही. विषय काढला की परमिट रद्द करून परत पाठवण्याची धमकी मिळते. (वास्तविक तो अधिकार तिथल्या सरकारचा आहे, मालकाचा नव्हे, पण परक्या मुलखात एकट्या माणसाला हे पटवणे कठीण जाते.)

घरातील वडीलधारी मंडळी आखातात नोकऱ्या केलेली आहेत. पासपोर्ट कफिलाच्या (तिथे व्हिसा पुरस्कृत करणाऱ्या मालकाच्या) कपाटात आणि नोकरी बदलायची तर त्याचाच दाखला, हे त्यांनी भोगलेले असल्यामुळे 'मुदत संपेपर्यंत सोस' एवढाच त्यांचा सल्ला असतो. मला तो पटत नाही. कतारनेसुद्धा 2020 मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या ना-हरकत दाखल्याची अट काढून टाकली.

पिळवणूक होणाऱ्या कामगारांसाठी कॅनडाने जून 2019 पासून वेगळे ओपन वर्क परमिट सुरू केले असून ते मिळाल्यास दुसऱ्या मालकाकडे काम करता येते. अर्जदार कॅनडातच असावा, त्याचे परमिट एकाच मालकाशी बांधलेले असावे आणि छळ होत असल्याचे किंवा त्याचा धोका असल्याचे मानण्यास सबळ कारण असावे, अशा अटी आहेत. शुल्क नाही. छळ म्हणजे केवळ मारहाण नव्हे, आर्थिक पिळवणूकही त्यात धरली जाते, म्हणून आम्हाला आशा वाटते.

अडचण पुराव्याची आहे. पगाराच्या स्लिपवर चाळीसच तास दाखवलेले असतात. खऱ्या तासांची नोंद त्याने स्वतःच्या वहीत ठेवली आहे आणि पाळ्या कळवणारे मालकाचे व्हॉट्सॲप संदेश जपून ठेवले आहेत. सहकारी मात्र साक्षीला तयार नाहीत. एवढ्यावर आणि त्याच्या स्वतःच्या निवेदनावर अर्ज मंजूर झाल्याचा अनुभव कोणाला आहे का? अर्जानंतर मालकाची तपासणी होऊ शकते, तेव्हा तक्रार कोणी केली हे त्याला समजते का? तो मालकाच्याच खोलीत राहत असल्याने आधी जागा बदलून मगच अर्ज करावा काय?

दुसरा प्रश्न इथल्या एजंटचा आहे. त्याने काही लाख रुपये रोख घेतले, पावती दिली नाही. भाऊ बारावी उत्तीर्ण असून कॅनडा हा एमिग्रेशन चेक (नोकरीसाठी देश सोडण्याआधीची सरकारी मंजुरी) लागणाऱ्या 18 देशांत मोडत नाही, म्हणून आपल्याला कायदा लागूच होत नाही, असे तो एजंट सांगतो. माझ्या समजुतीप्रमाणे ती सूट प्रवाशाला आहे; परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्याला 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी आणि 30,000 रुपये अधिक जीएसटी ही सेवाशुल्काची मर्यादा चुकत नाही. प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सकडे (परदेशी जाणाऱ्या कामगारांच्या संरक्षणासाठी नेमलेल्या केंद्र सरकारच्या अधिकाऱ्याकडे) ही तक्रार आत्ताच द्यावी, की कॅनडातील अर्जाचा निकाल लागेपर्यंत थांबावे? एजंट आणि मालक एकमेकांच्या संपर्कात आहेत, म्हणून हा क्रम चुकू नये असे वाटते.