मदत हवी आहे: जुन्या आरएक्स १००ला घाटासाठी पुढे १३ दात की मागे ३९?

नमस्कार मंडळी,

वडिलांची यामाहा आरएक्स १०० आहे, १९९३ची. ते गेल्यावर दोन वर्षं पडवीत उभी होती, आता मी रोज चालवतो. राहायला तळोद्यात, शाळा धडगाव तालुक्यात, म्हणजे चांदसैलीचा घाट रोज चढायचा आणि रोज उतरायचा.

मागे सहकारी शिक्षक बसले की चढावर दुसऱ्या गियरमध्ये गाडी दम टाकते. पहिला टाकला तर इंजिन नुसतं ओरडतं, गाडी रांगते. टू-स्ट्रोक इंजिनाला दुसऱ्यात असं कमी आरपीएमवर रेटणं माझ्या जिवाला लागतं. उन्हाळ्यात तर निम्म्या घाटातच नडग्यांना धग जाणवते.

चेन तशीही बदलायची आहे. ताणून धरून २० कड्यांचं अंतर मोजलं, पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत. ४२८ चेनची पिच, म्हणजे लागोपाठच्या दोन पिनांमधलं अंतर, १२.७ मिमी, म्हणजे नवी असती तर २५४ मिमी भरली असती. माझी २६० भरली. मागच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्राचे, दात मांजराच्या नखांसारखे एका अंगाला वाकलेत. मागच्या वेळी नुसती चेन बदलून जुनी स्प्रॉकेटं तशीच ठेवली होती, त्याचं हे फळ. यंदा तिन्ही वस्तू एकदम घेणार, म्हणूनच दात आत्ता ठरवायचेत.

सध्या माझ्या गाडीला पुढे १४, मागे ३६. मागचे भागिले पुढचे २.५७; हा आकडा जितका मोठा तितकी ओढ जास्त, वेग कमी. आमचे मिस्त्री म्हणतात, "भाऊ, पुढना एक दात कमी करी टाक, घाट चढी जाई." १३-३६ केलं तर २.७७ होतं. मागे ३९ लावून पुढे १४च ठेवले तर २.७९. म्हणजे पुढचा एक दात मागच्या जवळजवळ तिनाच्या तोडीचा. ओढ दोन्हीकडे सारखीच वाढते, मग फरक कशात?

मला दिसतो तो असा. १३ दातांवर चेन जास्त वाकते, कडी-पिन लवकर झिजणार. ३९ला चेन दीड कडीने जास्त लागते, सुमारे १९ मिमी. तेवढ्याच कड्या ठेवल्या तर चाक नऊ-दहा मिमी पुढे घ्यावं लागेल. १३ला उलट, चाक तीनेक मिमी मागे जाईल. आत्ताची चेन लांबलेली असल्याने चाक आधीच मागे सरकलंय, त्यामुळे आत्ताच्या खुणांवरून हिशोब करता येत नाही. आणि कड्या जोड्यांनीच कमी-जास्त होतात. विषम आकड्यासाठी अर्धी कडी मिळते, पण ती मला नको, कमकुवत जागा असते ती.

नंदुरबारला एका दुकानात "मजबूत आहे" म्हणून ५२० चेन पुढे केली. तिची पिच १५.८७५ मिमी, ती माझ्या दातांवर बसणारच नाही. पहिला आकडा इंचाच्या आठव्या भागांचा असतो, ४ म्हणजे अर्धा इंच, ५ म्हणजे पाच अष्टमांश, हे तिथे कुणी सांगत नाही. ४२८एच मात्र विचारात आहे: पिच तीच, पट्ट्या जाड.

रविवारी प्रकाशा-शहाद्याच्या सपाट रस्त्यावर जातो. १३ लावलं तर इंजिनाच्या ज्या आवाजाला आज ताशी ६० किमी पडतात तिथे ५५-५६ पडतील. ते चालेल मला. पण रोज दोनदा घाट करणाऱ्यांनी काय लावलंय, आणि ४२८एच इंजिनाच्या कव्हरला घासते का, एवढं सांगा.

प्रतिसाद:

सर, हिशोब बरोबर आहे. एक गोष्ट मात्र राहिली. स्प्रॉकेट बदलल्याने चारही गियर सारखेच खाली येतात. पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर तेवढंच राहतं. म्हणून आधी गाडीची मूळ ताकद पूर्ण मिळते का ते बघा. दोन वर्षं उभी राहिलेली टू-स्ट्रोक आहे. सायलेन्सरची आतली नळी काढून काजळी जाळा, क्लच घसरतो का बघा. मग १३ लावा. छोटं स्प्रॉकेट स्वस्त, नाही पटलं तर परत १४. ४२८एच मी वापरतो, घासत नाही, तरी बसवल्यावर चाक हाताने फिरवून कव्हरजवळ बघाच. चेन जोडणाऱ्या लॉकच्या क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेला धावते तिकडे. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ ओल्या ऑइलवर बसली की चेनला पॉलिश पेपरसारखी खाते, तेव्हा ऑइल लावल्यावर बाहेरून पुसून घ्या.

धागाकर्ता:

दादा, मनापासून आभार. काल नळी काढली, भोकं निम्मी बुजलेली होती. साफ करून आज एकटा गेलो, घाटाच्या सुरुवातीची वळणं दुसऱ्यातच निघाली, वरचा चढ अजून जड जातो. १३-३६ आणि ४२८एच ठरवलं. शनिवारी बसवतो, सोमवारी सहकाऱ्यांना मागे बसवून चढतो आणि इथेच लिहितो.