मदत हवी आहे: स्टॉक मायनसमध्ये, गुरुवारी ऑडिटर

भिवंडीचा_फेरा: कोणीतरी लवकर सांगा. नवी ईआरपी (खरेदी, विक्री, स्टॉक एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) लावून चार महिने झाले, स्टॉक रिपोर्टची अर्धी पानं लाल. एम१० x ५० बोल्टच घ्या. स्क्रीनवर उणे ११५०, रॅकवर मी स्वतः मोजले तर ४८. सॉफ्टवेअरवाला म्हणतो तुमची माणसं चुकीचं भरतात. गोदामवाला म्हणतो ऑफिस चुकतं. ऑफिस अंधेरीत, माल भिवंडीत, शिव्या मला दोन्हीकडे.

कोपऱ्यातली_सीट: ‘नवी ईआरपी’ म्हणजे कोणती? खरेदी कशात, विक्री कशात? ओपनिंग स्टॉक किती होता? हे सांगितल्याशिवाय काय सांगणार?

जुना_मुनीम: टॅली सोडायला सांगितलं होतं कोणी? मशीद बंदरला आमच्या पेढीत वीस वर्षं टॅली आहे, खिळाही इकडचा तिकडे होत नाही.

रात्रपाळी: मुनीमकाका, दोन गोदामं आणि हजारभर आयटम झाले की बोलू. धागाकर्ते, सॅपवर (मोठ्या कंपन्यांची ईआरपी) जा.

कोपऱ्यातली_सीट: टॅली काय नि सॅप काय, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आयटम मास्टर, म्हणजे सगळ्या मालाची मूळ यादी, कोणी भरला ते सांगा.

कर_सल्ला: सगळ्या सप्लायरांचे जीएसटी क्रमांक तपासून घ्या. १५ अक्षरं हवीत. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र २७, गुजरात २४. पुढची दहा म्हणजे पॅन. एक अक्षर चुकलं तर खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट अडकतं. उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर एचएसएन (जीएसटीसाठी मालाचा कोड) ही ६ आकडी लागतो, बोल्टचं नुसतं चार आकडी ७३१८ चालणार नाही.

रात्रपाळी: साहेब, स्टॉकचं विचारलंय.

कर_सल्ला: ऑडिटर हे पण विचारणारच.

भिवंडीचा_फेरा: मास्टर जुन्या एक्सेलमधून चढवला, एका इंटर्नने. ओपनिंग शून्य, हा आयटम नवा होता. माल किलोवर येतो, आत्तापर्यंत ५० किलोचं एकच पोतं आलं. विकतो नगावर, १२०० गेले. हे सगळ्यांना माहीतच असतं ना?

कोपऱ्यातली_सीट: आम्हाला माहीत असतं, सिस्टिमला नाही. मास्टरमध्ये १ किलो म्हणजे किती नग?

भिवंडीचा_फेरा: थांबा, बघतो. १ लिहिलंय.

कोपऱ्यातली_सीट: आणि खरे किती बसतात?

भिवंडीचा_फेरा: अंदाजे २५.

कोपऱ्यातली_सीट: आत्तापर्यंत एकच पोतं आलं ना, ५० किलोचं? जीआरएनला (माल आल्याची नोंद) ५० नग चढले. विकले १२००. म्हणून उणे ११५०. खरे आले १२५०, उरले ५०. तुम्ही मोजले ४८. दोनाचा फरक वजनातला. चोरी नाही, युनिट आहे. आता त्याचा खरेदी दर बघा.

भिवंडीचा_फेरा: १२० रुपये नग!! विकतो ७ ला. मालक दोन महिने विचारतायत नफा कुठे गेला.

कोपऱ्यातली_सीट: १२० हा किलोचा दर. नगाला ४ रुपये ८० पैसे. मालकांना चहा पाजून मग सांगा.

रात्रपाळी: मुळात सिस्टिमने मायनसमध्ये जाऊच कसं दिलं? निगेटिव्ह स्टॉक आजच बंद करा.

कोपऱ्यातली_सीट: आज बंद केलं तर उद्या मालाचं एक चलान निघणार नाही. आधी युनिट, मग मोजणी, मग कुलूप.

रात्रपाळी: म्हणजे कुलूप कधीच नाही. आमच्याकडे तीन वर्षं ‘मग’ चाललंय.

वॉशर_नट: एक्सेल म्हणालात म्हणून विचारते, इंची साइज आहेत का? आमच्याकडे ३/८ चे वॉशर चढवल्यावर ‘०३-ऑग’ झाले होते. एक्सेलला ती तारीख वाटते. कॉलम आधी टेक्स्ट करायचा, मग पेस्ट.

भिवंडीचा_फेरा: अहो ताई, आमच्याकडे ‘०१-फेब’ नावाचा आयटम आहे! मला वाटलं लॉट नंबर.

वॉशर_नट: तो १/२ इंची बोल्ट. त्याचा खरा कोडही मास्टरमध्ये वेगळा असेल, म्हणजे एक माल दोन नावांनी. जुन्या नावाला ब्लॉक करा, डिलीट करू नका, त्यावर बिलं झालेली असतात.

जुना_मुनीम: वहीत १/२ ची तारीख झालेली मी तरी पाहिली नाही.

भिवंडीचा_फेरा: काका, कृपा करा. सीटवाले दादा, मास्टरमध्ये १ चे २५ केले तर जुने जीआरएन आपोआप सुधारतील का?

कोपऱ्यातली_सीट: नाही. बहुतेक सिस्टिम्समध्ये झालेली एंट्री तशीच राहते. जीआरएन उलटवून पुन्हा करा, नुसती स्टॉक ॲडजस्टमेंट मारली तर नग जुळतील, दर १२० च राहील. बिल पास झालं असेल तर अकाउंट्सना आधी सांगा. आणि २५ डोळे मिटून टाकू नका, किलोभर तोलून मोजा.

भिवंडीचा_फेरा: गोदामवाल्याने तोलले. किलोत एकदा २६ बसले, एकदा २५. आणि असे किलोवाले आयटम ३४० आहेत. उद्या कोणी भिवंडीला येणार का मोजायला? जेवण माझ्याकडून.

रात्रपाळी: माणकोलीचा ट्रॅफिक पण तुमच्याकडून का?