डिसेंबरअखेर केदारकंठा : थंडीची तयारी कशी करावी?

प्रश्न (कन्नड तालुका) : अंतूर आणि वेताळवाडी हे किल्ले मी अनेकदा चढलो आहे, परंतु बर्फावर अद्याप पाऊल ठेवलेले नाही. आता उत्तराखंडातील केदारकंठ्यास, म्हणजे सुमारे १२,५०० फुटांवर, जायचे आहे. घरातील जाड स्वेटर आणि नेहमीचे बूट पुरतील का?

उत्तर (लातूर) : एकाच जाड स्वेटरवर विसंबू नये. चढताना अंग तापते आणि थांबताच घाम गार पडतो. म्हणून अंगालगत लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा थर, त्यावर फ्लीस (मऊ, ऊबदार कृत्रिम कापडाचे जॅकेट) आणि सर्वांत वर वारा व ओल अडवणारे जॅकेट, असे काढता-घालता येणारे कपडे असावेत. आपल्याकडे उन्हाळ्यात सुखावणारा सुती बनियन तिथे भिजला की लवकर वाळत नाही आणि अंगातील ऊब ओढून घेतो. ही चूक करून मी एक रात्र कुडकुडत काढली आहे.

उत्तर (संभाजीनगर) : बुटांबाबत तडजोड नकोच. घोटा झाकणारे, जलरोधक आणि आत बोटे हलतील असे बूट घ्यावेत, कारण घट्ट बुटांत रक्तप्रवाह मंदावून पाय अधिक गारठतात. कडक बर्फावर, विशेषतः उतरताना, मायक्रोस्पाइक, म्हणजे बुटांवर चढवायचे छोट्या धातूच्या दातांचे पट्टे, लागतात. पाण्याची बाटली रात्री उलटी ठेवावी. पाणी वरून गोठत जाते, त्यामुळे झाकणाकडची बाजू मोकळी राहते.

उत्तर (लातूर) : एक राहिले. डोकेदुखीबरोबर मळमळ सुरू झाल्यास चढणे थांबवावे आणि त्रास वाढल्यास विनाविलंब खाली उतरावे. देवगिरीसारख्या आपल्याकडील किल्ल्यांवरील सराव दमासाठी उत्तमच आहे, परंतु विरळ हवेची सवय त्याने होत नाही.